दसऱ्याला पुजलेला कॅमेरा

माझ्या वडिलांनी आयुष्यात स्वतःसाठी म्हणून मागितलेली पहिली वस्तू म्हणजे कॅमेरा, आणि तीसुद्धा सत्तरी उलटल्यावर. आई जाऊन वर्ष होऊन गेलं होतं. कळव्याची आमची इमारत पुनर्विकासाला जायची ठरली होती आणि दिवाळीनंतर घरं रिकामी करून चाव्या बिल्डरच्या माणसाकडे द्यायच्या होत्या. सगळ्या मजल्यावर खोकी, सुतळी आणि टेम्पोचे भाव याशिवाय दुसरा विषय नव्हता. अशात बाबांचा फोन आला. "बाय, मला एक कॅमेरा बघ. लेन्स हाताने फिरवायची असते ना, तसला."

मी कोपरला राहते. फोन आला तेव्हा मी भाजी फोडणीला टाकत होते. मला आधी हसू आलं आणि मग राग. राग मला चटकन येतो, घरात सगळ्यांना त्याची सवय आहे. भांडी कुठली न्यायची, देव्हारा कुठे मांडायचा, आईच्या साड्यांचं काय करायचं, यातल्या एकाही प्रश्नाला त्यांच्याकडून धड उत्तर मिळत नव्हतं आणि यांना कॅमेरा सुचत होता.

"माझा फोन आहे की बाबा. त्यात काय हवं ते निघतं."

"तुझ्या फोनवर काढून बघितलं मी मागच्या खेपेला. येत नाही ते."

"काय येत नाही?"

"तू ये. दाखवतो."

गेले. बाबांनी मला स्वयंपाकघराच्या दाराशी नेलं आणि भिंतीवरचा एक डाग दाखवला. बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, दोन तळहात मावतील एवढा, पिवळसर करडा. आई तिथे पाय पसरून बसायची. तांदूळ निवडायची, भाजी मोडायची, दुपारी काही हातात नसलं की नुसतीच बसायची, डोकं मागे टेकवून. खोबरेल तेलाचा डाग होता तो. घराला मधे दोनदा रंग काढला, दोन्ही वेळा तो डाग नव्या रंगातून पुन्हा वर आला. आई त्या डागावरून रंगाऱ्याला शिव्या द्यायची.

मग त्यांनी माझ्याच फोनमध्ये त्यांनी काढलेला फोटो मला शोधायला लावला. त्यात भिंत होती, दाराची चौकट होती, डाग नव्हता. म्हणजे अगदीच नव्हता असं नाही, पण फोनने ती भिंत उजळवून, गुळगुळीत करून अशी काही सुंदर केली होती की कालच रंग दिल्यासारखी दिसत होती.

"हा स्वतःची अक्कल चालवतो," बाबा म्हणाले. "मला नुसतं आहे ते काढणारं मशीन पाहिजे."

त्यानंतर त्यांनी मला आमचंच घर फिरवून दाखवलं. दोन खोल्यांचं घर, मी तिथे लहानाची मोठी झालेले. बेसिनवरच्या आरशाच्या कडेला आणि शेजारच्या टाइलवर आईच्या टिकल्या. रात्री तोंड धुताना कपाळावरची काढून ती तिथे चिकटवायची आणि सकाळी नवी लावायची. मरून, लाल, काही इतक्या जुन्या की रंग उडून गोंदाचं वर्तुळ तेवढं उरलेलं. खिडकीच्या गजाला नायलॉनच्या दोरीची तिची गाठ, जी दुसऱ्या कुणाला सुटायची नाही. उंबऱ्याची एक कड झिजून तुटलेली, कारण नारळ तिथेच फुटायचा, बाबांनी कोयता आणून दिला तरी. हे सगळं मी जन्मभर बघत आले होते आणि कधी बघितलं नव्हतं. आता बाबा एकेक दाखवत होते.

"तिचे फोटो आहेत ना एवढे," मी म्हटलं.

"ते लग्नाकार्यातले. नटलेली आहे ती त्यात. ही घरातली आहे." मग म्हणाले, "भिंत काय टेम्पोत घालता येत नाही."

चाव्या देण्याच्या आत एवढी घरातली आई काढून घ्यायची होती त्यांना. माझा राग कुठल्या कुठे गेला.

आता प्रश्न पैशांचा. माझ्याकडून ते घेणार नव्हते, ते मला माहीत होतं, म्हणून विचारलंच नाही. बिल्डरने सामान हलवायला दिलेल्या रकमेत टेम्पो, हमाल आणि कॅमेरा असं तिन्ही बसवायचं त्यांनी ठरवलं होतं. नवा कोरा येणं शक्यच नव्हतं. मी रोज जेवणं झाली की यूट्यूबवर पोराटोरांचे व्हिडिओ बघायला बसायचे. पहिला कॅमेरा कुठला घ्यावा, बजेटमध्ये काय बसतं, सोबत काय घ्यावं आणि काय घेऊ नये. सगळे एकच सांगत होते की डीएसएलआरचे दिवस संपले, आता मिररलेस घ्या. मला त्यातलं एवढंच कळलं की ज्याचे दिवस संपलेत तो जुन्यात स्वस्त मिळणार. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "बरं झालं. मलापण जुनाच पाहिजे."

ठाण्याला स्टेशनजवळ एका जिन्यावर जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान आहे, तिथे गेलो. दुकानदार चाळिशीतला, बोलका. बाबांना बघून त्याने लगेच काचेखालून लांबलचक लेन्स बाहेर काढली.

"काका, बर्डिंग ना? रिटायर झालेले सगळे त्याच्यासाठीच येतात. ही घ्या, खाडीच्या पलीकडचा फ्लेमिंगो इथे बसून दिसेल. डबल किटमध्ये देतो, दोन्ही लेन्स एकत्र."

"हिच्यातून किती जवळचं दिसतं?" बाबांनी विचारलं.

"अहो लांबचं विचारा!"

"लांबचं नको. जवळचं."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, घरातल्या भिंती काढायच्यात, खोली लहान आहे, घर तोडणार आहेत. लांब लेन्स त्याने परत काचेखाली ठेवली आणि एक साधा, सुरुवातीला घेतात तसला कॅमेरा काढला. सोबत येते तीच छोटी लेन्स. पकडीचं रबर एका बाजूला सैल झालेलं, बाकी ठीक. म्हणाला, काका, यापेक्षा जास्त काही तुम्हाला लागणार नाही, दुसरी लेन्स घेऊ नका, ते पैसे ट्रायपॉडला घाला. विकणाऱ्याने असं सांगावं याचं मला फार बरं वाटलं.

बाबांनी कॅमेरा हातात घेतला आणि लेन्सचं कडं फिरवलं. हळूच, मागेपुढे, कान देऊन. आयुष्यभर ते वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपात लेथ मशीनवर होते. वर्कशॉप बंद पडून जमाना झाला, पण हात अजून तसाच फिरत होता. कितीतरी महिन्यांनी मी त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी करायला मिळाल्याचं समाधान पाहिलं. तेवढ्यासाठी मी दुपटीने पैसे दिले असते.

ट्रायपॉड त्यांनी दुकानातला सगळ्यात जड आणि सगळ्यात कुरूप निवडला. हलके ट्रायपॉड बोटाने ढकलून "डुगडुगतो" म्हणून बाजूला केले. बॅग नको म्हणाले, आईच्या गोधडीचा तुकडा घरी आहे आणि लाडवाचा डबा आहे, त्यात कॅमेरा नीट बसेल. मेमरी कार्ड एक, जादा बॅटरी एक. धूळ उडवायचा रबरी फुगा दुकानदाराने पुढे केला, तोही नको. "फुंकर आहे की," बाबा म्हणाले. मलाही त्या फुग्याला पैसे घालणं जिवावरच आलं होतं.

निघताना दुकानदाराने त्यांच्याकडून दोन गोष्टी घोकून घेतल्या. "काका, भिंत काढताना कॅमेरा स्टँडवर आणि लेन्सच्या छिद्राचा हा नंबर मोठा ठेवायचा. सगळं शार्प येतं. उजेड कमी पडला तर पडू दे, फोटोला वेळ लागेल एवढंच. आणि लेन्स विनाकारण काढायची नाही. आत धूळ जाते."

बाबांनी शाळेतल्या पोरासारखी मान डोलावली. मोठा नंबर त्यांनी शेवटपर्यंत पाळला. लेन्सही ते विनाकारण काढणार नव्हतेच, पण मग दसरा आला.

आई गेली त्या वर्षी आमच्याकडे कुठलाच सण झाला नव्हता. या वर्षी मी ठरवून श्रीखंड घेऊन सकाळीच कळव्याला गेले. दार उघडंच होतं, दाराला झेंडूचं तोरण. मला इतकं बरं वाटलं. आत गेले तर देव्हाऱ्यासमोर पाट, पाटावर आईचा जुना खण, खणावर कॅमेरा. लेन्स काढून शेजारी उभी केलेली. लेन्सवर हळदकुंकू, कॅमेऱ्याच्या उघड्या तोंडाच्या कडेला हळदकुंकू, त्यावर अक्षता, वर आपट्याचं पान. बाजूला आईचा कुंकवाचा चांदीचा करंडा उघडा.

"बाबा! लेन्स काढलीत?"

"मग? मशीन बंद ठेवून कुणी पुजतं काय? पोटातनं पुजायचं असतं."

वर्कशॉपात ते तसंच करायचे, मी लहानपणी बघितलेलं. खंडेनवमीला लेथ उघडून, पुसून, तेल देऊन लखलखीत करायची, आणि दसऱ्याला आतल्या भागांनासुद्धा बोट लावायचं. त्या दिवशी आई मला नवा फ्रॉक घालून न्यायची आणि बाबा मला पेढा द्यायचे. त्यांच्या हिशेबी पूजेसाठी लेन्स काढणं हे विनाकारण नव्हतंच. मी ओरडले खरी, "अहो, त्या माणसाने काय सांगितलं होतं!" त्यांनी मला हात दाखवून थांबवलं, नमस्कार केला, मग कॅमेरा उलटा धरून आत चांगली जोरात फुंकर मारली आणि लेन्स बसवली. देव्हाऱ्याचा एक फोटो काढून मागच्या पडद्यावर मला दाखवला. स्वच्छ होता. आम्ही श्रीखंड खाल्लं.

त्यानंतर चाव्या देईपर्यंत बाबांनी दुसरं काही केलं नाही. मी शनिवार-रविवार जाऊन भांडी बांधायचे, गाद्या बांधायचे, आणि ते ट्रायपॉड मांडून उजेडाची वाट बघत बसलेले. तेलाच्या डागावर सकाळी ऊन तिरपं यायचं, तेव्हा तो सगळ्यात स्पष्ट दिसतो म्हणे. आरशासमोर ते एका बाजूला अंग चोरून उभे राहायचे, आपण आरशात येऊ नये म्हणून. उंबऱ्यासाठी जमिनीवर पालथे झोपले. गुडघे दुखतात म्हणून खाली बसायला नाही म्हणणारा माणूस. मी कुरकुर करायचे, "बाबा, ट्रायपॉड काढा, कपाट जायचंय तिथून," आणि ते म्हणायचे, "एक मिनिट, बाय." पण मला ते आवडत होतं. घर जातंय याचं दुःख होतंच, त्यात बाबा आईच्या मागे मागे घरभर फिरतायत असं वाटायचं. ती असताना ती त्यांच्या मागे फिरायची, औषध घ्या, शर्ट बदला म्हणत.

निघायच्या दिवशी त्यांनी खिडकीची दोरी सोडवायचा प्रयत्न केला. गाठ सुटली नाही. कापू का विचारलं तर नको म्हणाले. फोटो आहे, म्हणाले.

भाड्याचं घर टिटवाळ्याला घेतलं, कारण बिल्डरकडून मिळणाऱ्या भाड्यात तिथेच धड घर बसत होतं. नवी इमारत, गुळगुळीत पांढऱ्या भिंती, खिडकीतून अजून अशाच इमारती. बाबांना मी माझ्याकडे या म्हणत होते, ते नाही म्हणाले. काही दिवसांनी जुन्या शेजाऱ्यांनी कळवलं की कळव्याची इमारत पाडून झाली, ढिगारासुद्धा उचलला. त्यानंतरच्या रविवारी मी लॅपटॉप घेऊन गेले. फोटो मोठे करून बघायचं तोवर राहूनच गेलं होतं.

पहिलाच फोटो तेलाच्या डागाचा. पडद्यावर तो उघडला आणि मला इतकं बरं वाटलं, कारण डाग होता. त्याच्या कडा, मधला गडद भाग, भिंतीचे बारीक पोपडे, सगळं जसंच्या तसं. आई आत्ता उठून गेली असावी असं. आणि मग मला वरच्या बाजूला ते दिसले. करडे, पुसट, गोल गोल ठिपके. एक मोठा, आजूबाजूला बारीक. दुसऱ्या फोटोत तेच. उंबऱ्यावर तेच, खिडकीवर तेच, त्याच कोपऱ्यात. मी पुढे पुढे जात राहिले आणि बाबा चष्मा सावरून जवळ आले.

"हे भिंतीवर नव्हतं," ते म्हणाले.

मला कळलं होतं आणि त्यांनाही कळायला वेळ लागला नाही. प्रत्येक फोटोत एकाच जागी येतो म्हणजे डाग मशीनच्या पोटात आहे.

"कुंकू," बाबा म्हणाले. "फुंकरीने आत गेलं."

ठिपके लाल नव्हते, कुठे लाल काही नव्हतं, नुसती करडी सावली. पण तेच होतं. बाबा खुर्चीत मागे टेकले. "माझ्या हाताने घाण केली मी," एवढंच म्हणाले, आणि मी कितीही म्हटलं की हे काढता येतं, हे अगदी साधं काम असतं, तरी ते पुन्हा पडद्याकडे बघेनात. ते घर आता कुठे नव्हतंच, पुन्हा जाऊन काढायला. त्यांचा तो चेहरा मी विसरू शकत नाही. आई गेली त्या दिवशीसुद्धा ते असे बसले नव्हते, त्या दिवशी करण्यासारखं खूप होतं.

मी घरी येऊन ते काम शिकले. एका फोटोतले ठिपके पुसायचे आणि तीच पुसाई बाकीच्या सगळ्यांवर एकदम चढवायची, कारण ठिपके सगळीकडे त्याच जागी. दाबलं बटण की भिंती स्वच्छ. पुढच्या रविवारी अभिमानाने घेऊन गेले. बाबांनी एकेक फोटो पाहिला, मान डोलावली, आणि आरशाच्या फोटोवर थांबले.

"इथली एक गेली."

"काय गेली?"

"टिकली. इथे वर होती, लांबट. सणाला लावायची ती."

मी म्हटलं, नाही हो बाबा, तिथे कुंकवाचा ठिपका होता तो काढला. ते ऐकेनात. मी चिडले. माझं एवढं मेहनतीचं काम आणि यांचं आपलं काहीतरी. त्यांना पटवायला म्हणून मूळचा फोटो शेजारी उघडला. तिथे, ठिपक्याच्या सावलीला लागूनच, लांबट मरून टिकली होती. कॉम्प्युटरने दोघांना एकाच फटक्यात पुसून तिथे छान पांढरी टाइल बसवली होती. मी तेलाच्या डागाचाही मूळचा फोटो काढून बघितला. त्याचीही वरची कड साफ झाली होती.

"तुझ्या फोनचंच झालं हे," बाबा म्हणाले. रागावून नाही. मला मात्र रडू आलं, आणि त्यांच्यासमोर रडायचं नाही असं मी ठरवलेलं होतं ते मोडलं.

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "जुनेच ठेव, बाय. असू देत ते ठिपके. तिच्याच करंड्यातलं कुंकू आहे."

मी पुसलेले सगळे फोटो काढून टाकले.

त्यानंतर बाबांनी कॅमेऱ्याला हात लावला नाही. मी म्हणायचे, आहेच तर वापरा, नदीकडे जा, देवळाकडे जा, सकाळी पक्षी येतात म्हणे. "झालं काम," असं म्हणून ते विषय संपवायचे. कॅमेरा गोधडीत, गोधडी लाडवाच्या डब्यात, डबा कपाटात. संध्याकाळी मात्र लॅपटॉप लावून बसायचे, माझा जुना त्यांना देऊन टाकला होता, आणि एकच फोटो कितीतरी वेळ समोर ठेवायचे.

गेल्या महिन्यात मी तिथे राहिले होते. त्यांना बरं नव्हतं, ताप होता, उतरला. रात्री झोपताना मी तोंड धुतलं आणि हाताच्या सवयीने टिकली काढून बेसिनवरच्या आरशाला लावली. माझ्या घरीही मी तसंच करते, कधीपासून करते मला आठवत नाही. सकाळी उठून चहा टाकला. आधण उकळायला लागलं तरी बाबा तोंड धुऊन बाहेर येईनात, म्हणून मी डोकावले. ते आरशासमोर उभे होते आणि नखाने माझी टिकली सोडवत होते, कड फाटू नये अशा बेताने.

ती बोटाच्या टोकावर घेऊन ते माझ्याजवळ आले.

"ही घेऊन जा बाय. इथे ठेवू नकोस," ते म्हणाले. "हे घरपण सोडायचंच आहे कधीतरी. माझ्याच्याने पुन्हा नाही व्हायचं ते."

मी ती कपाळाला लावली. गोंद ओला झाला होता, टिकली राहीना. एका हाताने ती दाबून धरून मी दुसऱ्या हाताने त्यांचा चहा गाळला.